सोन्याचा नांगर, गाढवाचा नांगर आणि छोटा ट्रॅक्टर



आजच्या विषयाचं नाव जाहीर झालं तेव्हा काही जणांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा ट्रॅक्टरशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं, की आपल्या भाषेने नांगराबद्दल एक कोडं घालून ठेवलं आहे. 'त्याने नांगर धरला' असं म्हटलं की माणूस कामाला लागला, संसाराला लागला, असा अर्थ होतो. आणि 'त्यावर नांगर फिरवला' म्हटलं की सगळ्याचा सत्यानाश केला, असा. अवजार एक, जमीन तीच, क्रियाही तीच. मग एकदा ती निर्मिती कशी ठरते आणि एकदा विध्वंस कसा ठरतो? आज पुण्याच्या आसपास कुणी नवा प्लॉट घेतो, बाग करायची ठरवतो आणि भाड्याने छोटा ट्रॅक्टर बोलावतो, तेव्हा हे जुनं कोडं त्याच्याही दारात येऊन उभं राहतं. त्याला ते दिसत नाही, एवढंच.

कोड्याची सुरुवात पुण्यातच करू.

साधारण १६३० च्या सुमाराला आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणं जाळलं, लुटलं. नंतरच्या शकावल्या-बखरी सांगतात, की त्याने एवढ्यावर न थांबता गावावर गाढवाचा नांगर फिरवला, एक लोखंडी पहार रोवली आणि इथे पुन्हा वस्ती होऊ नये म्हणून तिला तुटकी वहाण टांगली. पाठोपाठ १६३०-३२ चा भीषण दुष्काळ आला. जे वाचले ते परागंदा झाले, रान माजलं. पुढे १६३६ च्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीत गेले, पुण्याची जहागीर त्यांच्याकडे राहिली, आणि जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन पुण्यात आल्या. कारभारी दादोजी कोंडदेव. ती पहार उपटली, शांती केली आणि सोन्याचा नांगर धरला, अशी परंपरा आहे. सोन्याचा फाळ म्हणा, सोन्याचा पत्रा म्हणा, त्या तपशिलात आम्ही जात नाही. लाल महालात या प्रसंगाचं शिल्प होतं. त्यातला दादोजींचा पुतळा डिसेंबर २०१० मध्ये महापालिकेने हलवला, आणि त्यावरून मोठा वाद झाला हे तुम्हाला आठवत असेल. त्या वादातही आज शिरायचं नाही. फक्त एक नोंद करून ठेवतो: वाद नांगराशेजारी कोण उभं होतं याचा होता. नंतर ती जमीन खरोखर कुणी नांगरली, त्यांच्याकडे बैल कुठून आले, हे फारसं कुणी विचारलं नाही. आजचं व्याख्यान त्या प्रश्नाचं आहे.

पण आधी गाढवाचा नांगर. ही कल्पना काही मुरार जगदेवाच्या डोक्यातून निघालेली नाही. ओडिशात भुवनेश्वरजवळ उदयगिरीच्या हाथीगुंफेत कलिंगचा राजा खारवेल याचा लेख आहे. तो साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात खारवेल अभिमानाने सांगतो, की पिथुंड नावाचं नगर आपण गाढवाच्या नांगराने नांगरलं. म्हणजे शत्रूचं नगर पाडायचं आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवायचा, हा विधी या देशात खूप जुना. आणि त्याच्या उलट बाजूला जनक राजा आहे. तो यज्ञासाठी भूमी नांगरतो आणि नांगराच्या तासातून सीता वर येते. सीता या शब्दाचा अर्थच मुळी नांगराने पडलेली रेघ. जिजाबाईंचा सोन्याचा नांगर या दुसऱ्या परंपरेतला.

आता कोड्याची किल्ली. ती आपल्या खेड्याच्या शब्दांत आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ सालचं. ज्यांनी ते वाचलंय त्यांना 'काळी' आणि 'पांढरी' हे दोन शब्द माहीत असतील. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे घरं, देवळं, चावडी, गावठाण. गावाचं सगळं जग या दोन रंगांत वाटलेलं. नांगराची जागा काळीत. काळीत नांगर चालला की ती मशागत. तोच नांगर पांढरीवर चालला की गाव उठलं, बसल्या घरांची माती झाली. म्हणून 'नांगर फिरवणे' हा वाक्प्रचार भयंकर आहे. नांगर वाईट म्हणून नव्हे. नांगर चुकीच्या रंगावर चालला म्हणून. सोन्याच्या नांगराने पांढरीवरचा तो डाग धुऊन काढला, पण तो धुतल्याने पोट भरत नाही. त्यासाठी खरा नांगर पुन्हा काळीत जावा लागतो. तिथे सोनं उपयोगाचं नाही. तिथे बाभळीचं लाकूड, लोखंडी फाळ आणि बैल लागतात.

बैल किती? शहरी श्रोत्यांना वाटतं एक जोडी. मुरमाड, हलक्या जमिनीत ते खरंही आहे. पण देशावरच्या भारी काळ्या जमिनीत जुना लाकडी नांगर ओढायला दोन, तीन, कधी चार जोड्या लागत. इतके बैल एका साध्या कुणब्याच्या गोठ्यात नसतच. म्हणून इर्जिक. इर्जिक म्हणजे गावातल्या दहाजणांनी आपापली औतं घेऊन एकाच्या रानात जायचं, दिवसभरात त्याचं रान नांगरून द्यायचं, आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. उद्या दुसऱ्याचं रान. पडीक जमीन मोडून वहितीला आणणं हे एकट्याचं काम नव्हतं. कधीच नव्हतं. आजचा छोटा ट्रॅक्टर ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आला, तो प्रश्न हाच.

उजाड मुलखाला इर्जिकही पुरत नाही, कारण कुणाकडेच काही नसतं. तिथे राज्याने हात द्यावा लागतो. पुण्याच्या जहागिरीत लोकांना वसवताना इस्ताव्याची पद्धत वापरली गेली असं इतिहासकार सांगतात: पडीक जमीन मोडणाऱ्याला पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे दरसाल थोडा थोडा वाढवत काही वर्षांनी पूर्ण. आणि या धोरणाची परिपक्व अवस्था पाहायची तर शिवाजी महाराजांचं सप्टेंबर १६७६ चं पत्र पाहावं. प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला ते लिहिलं आहे. आशय असा: गावोगाव फिर, कुळं गोळा कर. ज्याच्या अंगात कष्टायचं बळ आहे, माणूसबळ आहे, पण बैल नाहीत, नांगर नाही, पोटाला दाणा नाही, म्हणून जो अडून राहिला आहे, त्याला बैल घ्यायला पैसा दे, दाणा दे, त्याच्याने होईल तेवढी जमीन त्याच्याकडून करव. दिलेल्या पैशावर व्याज घेऊ नकोस. मुद्दल तेवढं, त्याला ताकद येईल तसतसं हळूहळू वसूल कर.

हे पत्र आम्ही विद्यार्थ्यांना न्यायाची संकल्पना शिकवताना वाचायला देत असू. कारण त्यात एक अतिशय सूक्ष्म भेद आहे. हा माणूस आळशी आहे की असमर्थ, हे पत्र विचारत नाही. ते म्हणतं, बळ आहे, साधन नाही. आणि साधन नसणं हा त्याचा दोष नाही. जमीन मोकळी पडलेली, माणूस मोकळा बसलेला, आणि दोघांच्या मध्ये एक बैलजोडी कमी. ती पुरवणं हे राज्याचं काम. एवढा साधा विचार.

आता आपण लाकडाकडून लोखंडाकडे येऊ. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शेतीबद्दल एक विचार आहे: लोखंडी तोंडाचं लाकूड भूमीला आणि भूमीतल्या जीवांना इजा करतं, म्हणून सज्जन या वृत्तीची निंदा करतात. सिद्धार्थाच्या बालपणाच्या कथेतही नांगरट येते; नांगराच्या तासात चिरडलेले किडे पाहून त्याचं मन हेलावतं. हा विचार खोटा नाही. नांगरणं ही हिंसा आहेच. अडचण वेगळी आहे. ज्यांनी शेतीला हिंसक म्हणून खाली ढकललं ते सगळे जेवत होते. हिंसा करणारा हलका ठरला आणि खाणारा शुद्ध राहिला. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच दुटप्पीपणावर. आणि लक्षात घ्या, फुले नुसते लिहीत नव्हते. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी आलं तेव्हा त्यांनी मांजरीला जमीन घेऊन स्वतः बागायत करून दाखवली. पाटाच्या पाण्याला लोक बिचकत होते, त्या काळात.

बिचकणं काही पाण्यापुरतं नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमाराला बेळगावात लोखंडी नांगर बनवला. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. शेतकऱ्यांची समजूत अशी, की सगळंच्या सगळं लोखंड जमिनीत घातलं तर जमिनीला विष बाधेल. आपण आज हसतो. हसण्याआधी जरा थांबू. शेतकऱ्याला फाळ लोखंडाचा चालत होताच. त्याला भीती होती ती मातीचा थर पुरता उलटा करणाऱ्या, खोल जाणाऱ्या, अनोळखी अवजाराची. 'विष' हा शब्द चुकीचा होता. जमिनीला काही तरी कायमचं होईल ही शंका अगदीच चुकीची नव्हती. भारी काळ्या जमिनीत जुने शेतकरी दरवर्षी नांगर घालतच नसत. काळी जमीन उन्हाळ्यात स्वतःच भेगाळते, वरची माती भेगांत पडते, ती आपली आपण उलथते. तिथे वखर पुरे. नांगर काही वर्षांतून एकदा, हराळी-कुंदा माजला तर. पुढे किर्लोस्करांचा नांगर महाराष्ट्रभर गेला. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि लोखंडी नांगराने चार जोड्यांचं काम कमी जोड्यांवर आणलं, हे त्याचं मोठं श्रेय.

आता एक आकडा सांगतो, तो मनात ठेवा. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या एका गावाचा अभ्यास केला आणि १९१७ साली तो प्रसिद्ध केला. भारतातल्या ग्रामीण पाहण्यांतली ही एक पायाभूत पाहणी. गाव होतं पिंपळे सौदागर. मान यांना जुन्या कागदांवरून असं दिसलं, की १७७१ मध्ये तिथली सरासरी धारणा ४० एकर होती. १९१४-१५ मध्ये ती ७ एकर उरली. आणि ते ७ एकरही सलग नव्हेत. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली, त्यातले ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान. इथे चार जोड्यांचा नांगर वळवायचा कुठे? बैल फिरेपर्यंत बांध येतो.

हीच गोष्ट पुढे सगळ्या राज्याची झाली. १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा आला, तरी वाटण्या थांबल्या नाहीत. कृषी गणनेप्रमाणे १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातली सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर झाली. अशा रानात पन्नास अश्वशक्तीचं धूड आणणं म्हणजे चिमण्यांच्या घरट्यात हत्ती.

म्हणून छोट्या यंत्राचा इतिहास मोठ्या ट्रॅक्टरच्या इतिहासाहून वेगळा आहे. मोठा ट्रॅक्टर अमेरिकेच्या मैदानांतून आला. छोटं यंत्र लहान शेतांच्या देशांतून आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये जमीनसुधारणा झाल्या, कुळं मालक झाली, शेतं मात्र इवली इवली. तिथे हाताने धरून मागून चालायचा पॉवर टिलर घरोघरी गेला. आपल्याकडे तो साठच्या दशकात आला. बंगळूरच्या कंपनीने मित्सुबिशीच्या सहकार्याने, पुढे केरळच्या सरकारी कंपनीने कुबोटाच्या तंत्राने तो इथे बनवला. त्यानंतर पंधरा-वीस अश्वशक्तीचे, चार चाकांचे, जेमतेम तीन फूट रुंदीचे ट्रॅक्टर आले. नाशिक, तासगाव, आपल्या जिल्ह्यात नारायणगाव, इथल्या द्राक्षबागांत दोन ओळींमधून जाईल असं यंत्र हवं होतं. बागाईतदारांनी त्यांना जवळ केलं.

आणि या यंत्राच्या मागे जे अवजार जोडतात, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रोटाव्हेटर. हा शब्द आज आपल्या शेतकऱ्याच्या तोंडात 'कुळव' इतकाच रुळला आहे. इंग्रजीत तो उलटा वाचला तरी तसाच वाचता येतो, ही एक गंमत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या गिलगँड्रा गावी आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाचा एक तरुण होता. १९१२ साली, वयाच्या विशीच्या आत, त्याने वडिलांच्या शेतावर प्रयोग सुरू केले. त्याचं निरीक्षण असं: नांगराचा तळ आणि ओढणाऱ्याचं वजन यांनी खालची माती दाबली जाते. पाती फिरवून माती भुसभुशीत केली तर हा दाब टळेल. १९२० साली त्याने पेटंट घेतलं, पुढे कंपनी काढली, इंग्लंडला गेला. म्हणजे हे यंत्र जन्मलं ते माती दाबली जाऊ नये म्हणून.

शंभर वर्षांनी चित्र काय आहे? दरवर्षी त्याच चार-पाच इंच खोलीवर रोटाव्हेटर फिरवला, की वर पिठासारखी माती आणि तिच्याखाली दगडासारखा कठीण थर. पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत, पहिल्या मोठ्या पावसात ते पीठ वाहून जातं किंवा त्याची पापडी धरते. ज्या दोषावर औषध शोधलं, तोच दोष औषधाच्या अतिरेकाने परत आला. यात हॉवर्डचा दोष नाही. साधन कशासाठी आहे हे विसरून, ते हाताशी आहे म्हणून वापरलं की असंच होतं. मोठ्या प्रमाणावर हा धडा अमेरिकेला १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी दिला. मग १९४३ मध्ये एडवर्ड फॉकनर याने नांगर हाच मुळात वेडेपणा आहे असं पुस्तकच लिहिलं. आपल्याकडे नेरळचे चंद्रशेखर भडसावळे सगुणा पद्धतीत कायमचे गादीवाफे करतात, नांगरत नाहीत, पिकाची मुळं जमिनीतच कुजू देतात. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने तर दहा गुंठ्यांत एका कुटुंबाने नीट जगावं असं गणित मांडलं, आणि त्यात माती वरून बांधत नेण्यावर भर दिला.

मग नव्या बागेच्या प्लॉटवर छोटा ट्रॅक्टर आणायचा की नाही? इथे आम्ही तत्त्वज्ञ असल्यामुळे 'हो आणि नाही' असं म्हणणार, हे तुम्ही ओळखलं असेल. पण कारणं ऐका.

पुण्यातला नवा प्लॉट म्हणजे बहुधा काय असतं? शेजारच्या इमारतीच्या पायातून निघालेला मुरूम, त्यावर राडारोडा, सिमेंटचे गोळे, फरशांचे तुकडे, आणि वर दाखवायला चार बोटं लाल माती. ही काळी नव्हे, पांढरीही नव्हे. इथे पहिलं काम खोऱ्याचं. दोन फूट खोल दोन-तीन खड्डे घ्या आणि खाली काय आहे ते डोळ्यांनी पाहा. राडारोडा आधी वेचून बाहेर काढा; ट्रॅक्टर तो काढत नाही, आणखी पसरवतो, शिवाय पाती मोडतात ती वेगळीच. मग वाफशाची वाट पाहा. वाफसा या शब्दाला आम्हाला दुसऱ्या भाषेत चपखल शब्द सापडलेला नाही. माती ओली नाही, कोरडीही नाही. मुठीत दाबली तर गोळा होतो, आणि तो गोळा कमरेएवढ्या उंचीवरून टाकला तर फुटतो. फुटला नाही तर त्या दिवशी यंत्र आत घालू नये. ओल्या मातीत एक चाक गेलं तर पुढची काही वर्षं त्याची निशाणी राहते.

अशी दाबून दाबून घट्ट झालेली जमीन एकदा खोल मोकळी करावीच लागते. इथे आम्ही न नांगरण्याच्या पंथाचे नाही. ज्या जमिनीवर ट्रक फिरले आहेत ती गांडुळांच्या भरवशावर सोडली तर आपल्या हयातीत बाग होणार नाही. पण ही नांगरट एकदाच, आणि शक्यतो उन्हाळ्याच्या तोंडाला. ढेकळं तशीच एप्रिल-मे महिन्यांचं ऊन खाऊ द्या. हराळी, लव्हाळा, कुंदा असेल तर रोटाव्हेटरला हातही लावू नका. त्याची पाती मुळांचे शंभर तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याला पुन्हा कोंब फुटतो. ते हाताने वेचावं, उन्हात वाळवावं. वळवाचा पाऊस पडला, पुन्हा वाफसा आला, की कुजलेलं शेणखत पसरून एक हलकी, उथळ पाळी. ढेकूळ हरभऱ्याएवढं, बोराएवढं राहिलं तर उत्तम; पीठ नको. मग वाफे आखा, चालायची वाट आखा, आणि ट्रॅक्टरला निरोप द्या. त्यानंतर पाय आणि चाकं वाटेवरच. 'चाकोरी सोडा' असं आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आलो. बागेत मात्र चाकोरी सोडू नये. चाकं ठरल्या वाटेनेच गेली पाहिजेत.

थोडक्यात, नव्या जमिनीवर छोटा ट्रॅक्टर हा सुईणीसारखा असावा. एकदा यावा, नीट काम करावं, आणि दररोज घरात राहू नये.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. बैलजोडी कुणाकडे? म्हणजे आजच्या भाषेत, ट्रॅक्टर कुणाकडे? महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाची एक योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं घेण्यासाठी साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान. उरलेले दहा टक्के गटाचे. गटात किमान दहा सदस्य हवेत. आम्हाला ही योजना वाचताना १६७६ चं ते पत्र आठवतं, आणि इर्जिकही आठवते. बळ आहे, साधन नाही, साधन द्या. एकट्याला नव्हे, दहाजणांना मिळून द्या. जुन्या दोन्ही कल्पना इथे एकत्र आल्या आहेत.

आणि यात आणखी एक गोष्ट आहे. शतकानुशतकं ज्यांच्या नावावर काळीचा तुकडा नव्हता आणि ज्यांना पांढरीच्या आत घर नव्हतं, वेशीबाहेर होतं, त्यांच्या नावाची पाटी आज एका ट्रॅक्टरवर आहे. तो ट्रॅक्टर दुसऱ्यांच्या रानात भाड्याने जातो आणि त्याची वाट पाहत कुणी पाटील बांधावर उभा राहतो. ही क्रांती आहे असं आम्ही म्हणणार नाही. ट्रॅक्टर असला तरी स्वतःची जमीन नसेल तर गट फक्त भाड्यावर जगतो, आणि भाड्याचा हंगाम वर्षातून काही आठवड्यांचा. पण नांगराशेजारी कोण उभं राहू शकतं, याचं चित्र बदललं आहे. लाल महालातल्या शिल्पावरून जेवढी चर्चा झाली त्याच्या दहावा हिस्सा चर्चा याची व्हायला हवी होती.

शेवटी आपल्या शहराकडे येऊ. मान यांचं पिंपळे सौदागर आज तुम्ही पाहिलं तर त्या ७२९ तुकड्यांतला एकही ओळखू येणार नाही. तिथे बहुमजली इमारती आहेत. हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली आणि विकून निघून न जाता स्वतःच नगर वसवलं, त्यात मालकी राखली. तो एक निराळा मार्ग. बाकी ठिकाणी जमीन गेली आणि पैसाही गेला. मुरार जगदेवाने पांढरीवर नांगर फिरवला. आपण काळीवर पांढरी फिरवतो आहोत. त्याला गाढवं लागली होती, आपल्याला तीही लागत नाहीत.

हे पुण्याला नवीन नाही, असंही कुणी म्हणेल. तुळशीबाग एके काळी खरोखर खासगीवाल्यांची तुळशीची बाग होती. नारो आप्पाजींनी तिथे राममंदिर बांधलं, आणि आज तिथे भांडी, बांगड्या आणि गर्दी मिळते. बेलबाग, हिराबाग, रमणबाग, माणिकबाग: नावं सगळी बागांची. शहर वाढतं तेव्हा बाग आधी आत येते, मग नावापुरती उरते. हे खरं असलं तरी दोन गोष्टींत फरक आहे. तुळशीबाग झाली तेव्हा भोवती मैलोगणती काळी शिल्लक होती. आज पुण्याच्या कडेला सुपीक जमिनीचा एक एकर बांधकामाखाली गेला तर तो परत येत नाही. काळ्या मातीचा एक इंच थर तयार व्हायला शतकं लागतात, आणि पोकलेनला एक सकाळ पुरते.

म्हणून आम्हाला वाटतं, की सोसायटीच्या कोपऱ्यात, शाळेच्या मागे, गावाकडच्या वडिलोपार्जित दहा गुंठ्यांत जो कुणी आज राडारोडा वेचून बाग करायला निघाला आहे, तो छोटं पण उलट्या दिशेचं काम करतो आहे. पांढरीतला एक तुकडा तो काळीत परत नेतो आहे. त्याच्या प्लॉटवर फिरणारा तो तीन फुटी ट्रॅक्टर सोन्याचा नाही, गाढवाचाही नाही. तो यापैकी काय ठरेल, हे यंत्र ठरवणार नाही. वाफसा होईपर्यंत थांबायची तयारी, एकदा मोकळी केलेली माती पुन्हा न तुडवण्याचं शहाणपण, आणि शेजारच्या ज्याच्याकडे बळ आहे पण साधन नाही त्याला दोन तास ते यंत्र देण्याची दानत, या तिन्हींवर ते ठरेल.

प्रश्न असतील तर आता घेऊ. एक विनंती: कोणत्या कंपनीचा ट्रॅक्टर घ्यावा, हे मात्र आम्हाला विचारू नका. तुमच्या गावात ज्या यंत्राचा मिस्त्री आहे, ते घ्या.